पंपाखाली तुमचा अंगठा

बाबा, तुमची जीप परवा माझ्या गॅरेजमध्ये आली. धाकट्या भावाने आणली. तुम्ही गेल्यापासून ती आपल्या गावी, रोहण्याच्या गोठ्यात झाकून ठेवलेली होती, यंदा त्याला शेतावर जायला-यायला हवी झाली. इथे कारंज्यापर्यंत येताना तीनदा थांबून पाणी टाकलं म्हणे. "ताई, रोज पानी टाकून राह्यलो. खाली थेंब दिसत नाई, मंग जाते कुठी?" मी म्हटलं, गाडी ठेव आणि चहा पी. बॉनेट उघडताना मला तुमची आठवण वगैरे काही आली नाही. एवढंच वाटलं, की आता तुम्ही माझ्या हातात सापडलात.

इंजिन आधी थंड होऊ दिलं. गरम रेडिएटरवर गोणपाट टाकून झाकण फिरवायची तुमची पद्धत मी कधीच सोडली. पाणी काठोकाठ भरलं, झाकणाच्या जागी दाब तपासायचं यंत्र बसवलं, दाब दिला आणि टॉर्च घेऊन बसले. पाइप कोरडे, रेडिएटर कोरडा, काटा मात्र हळूहळू खाली येतोय. मग पंख्याच्या मागे बोट घातलं, तर ओल लागली. वॉटर पंपाच्या पोटाखालून पाणी झिरपून इंजिनावर ओघळत होतं. गाडी गरम असताना ते खाली पडायच्या आधीच वाळत असणार. पंप काढून पालथा केला. खालच्या छिद्रात, गळक्या नळाला लावतात तो मसाला कोंबलेला, कडेने तडकलेला, आणि त्यावर अंगठ्याचा ठसा, मधोमध आडवा व्रण असलेला. पत्र्याने कापलेला तुमचा अंगठा मी कुठेही ओळखेन.

गावच्या शाळेतल्या गुरुजींच्या जीपचा पंपही तेव्हा असाच टपकत होता. मी वीस वर्षांची, तुमच्या गॅरेजमधलं दुरुस्तीचं पुस्तक, जे तुम्ही कधी उघडलं नाहीत, ते वाचून काढलेली. मी म्हटलं, बाबा, हे छिद्र मुद्दाम ठेवलेलं असतं, आतलं सील गेलं की इथून पाणी येऊन आपल्याला कळावं म्हणून, पंप बदला. तुम्ही हसता. "भोक हाये तं बुजवाच लागन. तू मले शिकवून राह्यली काय?" आणि मसाला मळून अंगठ्याने दाबून टाकता. गुरुजी तेव्हा समोरच्या टपरीवर चहाला बसलेत. आठ दिवसांत पाणी बेअरिंगमध्ये शिरलं, पंप अडकला, इंजिन तापून बसलं. गुरुजी तावातावाने आले तेव्हा गॅरेजात चार गिऱ्हाइकं होती. तुम्ही फडक्याला हात पुसत शांतपणे म्हणालात, "पोरीनं बुजवलं जी ते." त्यानंतर गाडी सोडताना लोक तुम्हाला बजावायचे, "पोरीले हात नोको लावू देजो," आणि तुम्ही मान डोलवायचात. मी गाव सोडलं ते त्यामुळे. शिकायला गेली, असं तुम्ही सांगत फिरलात.

आणि त्यानंतर स्वतःच्या जीपला तुम्ही तेच केलंत. मी धाकट्याला बोलावून पंप त्याच्या हातात दिला. "पाय, कोनाचा अंगठा हाये?" त्याने व्रणावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "बाबाचा. पन आता काय करतं ताई? मेला मानूस." मेला म्हणून सुटला का? मी सांगितलं, गुरुजींना फोन लाव, खरं काय ते तुझ्या तोंडाने सांग, मगच नवा पंप चढेल. ज्याला तुम्ही गॅरेज दिलंत आणि ज्याने ते दोन वर्षांत बंद पाडलं, त्याच पोराकडून मला तुमचं नाव घालवायचं होतं. त्याने फोन स्पीकरवर टाकून अडखळत सांगितलं. गुरुजी आता थकलेत, पण आवाज तोच. "मले मालूम हाये ना बापू. टपरीवरून पाहूनच राह्यलो होतो. चार लोकांपुढं त्याचं नाव गेलं असतं तं गॅरेज बसलं असतं. पोरीवर ढकललं तं काय बिघडलं? तिले कुठी गॅरेज चालवाचं होतं."

मी फोन घेतला नाही. नवा पंप बसवला, पुन्हा दाब देऊन पाहिला, काटा हलला नाही. धाकटा मान खाली घालून गाडी घेऊन गेला. तुमचा पंप मी ठेवून घेतलाय. गॅरेजात येणाऱ्या प्रत्येक मिस्त्रीला तो पालथा करून दाखवते आणि अंगठा कोणाचा ते नावानिशी सांगते. ते हसतात तेव्हा मला बरं वाटतं, आणि ते बरं वाटणं मी लपवत नाही.

हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून एक लिहून टाकते. तुम्ही माझं नाव घेतलंत तेव्हा मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. मला बोलता आलं असतं. घाबरून गप्प बसले, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. घाबरले नव्हते. मला वाटलं, हे मी अंगावर घेतलं, तर तुम्ही मला इंजिन उघडायला द्याल. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या आधी गॅरेजात जाऊन, पाने-पकडी पुसून ओळीने मांडून मी उभी राहिले. तुम्ही आलात आणि माझ्या हातात झाडू दिलात.