जो मागवेल, घेईल किंवा देईल

प्रिय सुखदा,

तुझा मेसेज मिळाला. ‘काही दिवस फोन करू नकोस, प्लीज.’ त्यानंतर मी केला नाही. पण पत्राला तू मनाई केलेली नाहीस, म्हणून आज रविवारी जेवणं उरकून कागद घेऊन बसले आहे. चोवीस वर्षांत आपल्यावर एकमेकींना पत्र लिहायची वेळच आली नव्हती. ब्रिस्बेनमध्ये आधी अ‍ॅनर्लीला एका खोलीत दोन गाद्या टाकून राहिलो, मग स्प्रिंगफील्ड लेक्सला दोन गल्ल्यांच्या अंतरावर. जे सांगायचं ते तळ्याकाठच्या वाटेवर चालता चालता सांगून व्हायचं. एकच गोष्ट तुला तिथे सांगितली नाही. ती आज लिहिते आहे. मध्येच पत्र फाडावंसं वाटेल, तरी शेवटपर्यंत वाच.

इथे कॅनबेराला, आमच्या गुंगालिनमध्ये, कडाक्याची थंडी आहे. सकाळी गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडत बसावं लागतं, म्हणून मी हल्ली ऑफिसला लाइट रेलनेच जाते. यतिनचं कॉन्ट्रॅक्ट डिसेंबरपर्यंत वाढलं. हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते, कारण तुझ्या घरात नोव्हेंबरपासून एकच बातमी आहे. परीक्षेच्या आठवड्यात तुझ्या स्पृहाने तिच्या फ्लॅटमेटला, टेगनला, झोप लागावी म्हणून एक गोळी दिली आणि टेगन उठली नाही. इमर्जन्सीच्या ट्रिपल झिरोला फोन स्पृहानेच केला. अँब्युलन्स येईपर्यंत बावीस मिनिटं ती टेगनची छाती दाबत होती, हे मी पेपरात वाचलं. गोळ्यांचं पाकीट परदेशातून आलं होतं आणि त्यावर स्पृहाचं नाव होतं. तेव्हापासून ती कोठडीत आहे. जामीन मिळाला नाही, कारण कलम फार कडक आहे.

ते कलम कोणामुळे आलं, हे तू मला एकदाही बोलून दाखवलं नाहीस. स्पृहाच्या बाबांनी, प्रल्हाददादांनीही नाही.

तीन वर्षांपूर्वी सारंग गेला तेव्हा तू आमचं घर हातात घेतलंस. पोलिसांशी बोलायला प्रल्हाददादा, दारावर येणाऱ्यांना चहा द्यायला तू. माझा वीस वर्षांचा मुलगा चिंतेवरची साधी गोळी समजून काहीतरी गिळतो आणि त्यात फेंटानिलच्या जातीचं विष निघतं, हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, या गोळ्या हुबेहूब असतात, रंग तोच, छाप तोच. बाहेरच्या देशातल्या टोळ्या त्या छापतात आणि साध्या टपालाने पाठवतात. पोलिसांनी विचारलं, गोळी त्याला कुठून मिळाली. मी म्हटलं, पार्टीत कोणीतरी दिली असेल. त्याच्या फोनवरचे मेसेज आपोआप पुसले जाणारे होते, त्यात काही सापडलं नाही. शेवटी कागदावर आलं की स्रोत निष्पन्न झाला नाही.

पुढचं तुला माहीत आहे, कारण तू माझ्यासोबत होतीस. मला घरात बसवेना. मी पत्रं लिहिली, खासदाराला भेटले, दुसऱ्या आयांना गाठलं. माझे वडील नाशिकच्या कोर्टात बेलीफ होते. ते म्हणायचे, आपल्याला देवळाने आत घेतलं नाही, कायद्याने घेतलं. मी त्याच घरात वाढले, त्यामुळे एवढं मोठं दुःख घेऊन जायचं तर कायद्याकडेच, दुसरीकडे कुठे जाणार? परदेशी टोळ्यांविरुद्धचं विधेयक संसदेत आलं आणि समितीने मला साक्षीला बोलावलं, तेव्हा तू शिफ्ट बदलून माझ्यासोबत कॅनबेराला आलीस. माझी निळी साडी तूच इस्त्री केलीस. समितीच्या खोलीत माझ्यामागच्या खुर्चीवर बसून होतीस.

त्या विधेयकात एक वाक्य होतं. परदेशातून आलेला असा पदार्थ जो मागवेल, घेईल किंवा दुसऱ्याला देईल, आणि त्यातून मृत्यू होईल, तो टोळीच्या साखळीतलाच धरला जाईल. त्याच्याखाली एक सूट होती. आपसात वाटून घेणाऱ्या, त्यातून काही कमाई न करणाऱ्या माणसांना हे लागू नाही. समितीतल्या एका बाईंनी मला हळू आवाजात विचारलं, “मिसेस रणदिवे, तुमच्या मुलाला ती गोळी त्याच्याच एखाद्या मैत्रिणीने दिली असती, तर तिलाही तुम्ही टोळीतलीच म्हणाल?”

मी म्हटलं, “हो. ज्याने त्याच्या हातात गोळी ठेवली, तो टोळीचाच हात होता.”

तू मागून माझ्या खांद्यावर हात ठेवलास. दुसऱ्या दिवशी ते वाक्य सगळ्या पेपरांत होतं. कायदा झाला तेव्हा सूट काढलेली होती आणि मंत्र्यांच्या भाषणात माझं नाव होतं. आपण दोघी त्या दिवशी कॉफी प्यायलो आणि रडलो. तुला वाटलं मी सारंगसाठी रडते आहे.

सुखदा, सारंगच्या हातात ती गोळी कोणीही ठेवली नव्हती. त्याने ती स्वतः मागवली होती. पाकीट आमच्याच घरी, त्याच्याच नावाने आलं होतं, आणि लेटरबॉक्समधून काढून त्याच्या टेबलावर नेऊन ठेवलं ते मी. जाडसर पांढरं पाकीट होतं. मला वाटलं, फोनचं कव्हर असेल.

हे मला समितीपुढे जाण्याच्या वर्षभर आधीपासून माहीत होतं. सारंग गेल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी स्पृहा आली होती, तुझ्या हातचा डबा घेऊन. आठवत असेल तुला, तूच पाठवलंस. माणसं बाहेरच्या खोलीत होती. ती मला लाँड्रीत घेऊन गेली, दार लोटलं आणि म्हणाली, “मावशी, आय हॅव टु टेल यू समथिंग.” दोघांनाही झोप लागत नव्हती, दोघांनाही असाइनमेंटचं ओझं झालं होतं. सारंगने कुठल्याशा अ‍ॅपवरून गोळ्या मागवल्या आणि त्यातल्या दोन तिला दिल्या. तिने भीतीने घेतल्या नाहीत. तो गेल्याचं कळल्यावर बाथरूममध्ये टाकून पाणी सोडलं. मला विचारत होती, “मी पोलिसांना सांगू ना? मम्मीला सांगू ना?”

मी तिचे दोन्ही हात धरले. म्हटलं, नाही. कोणालाच नाही, मम्मीला तर मुळीच नाही. लोक म्हणतील, नशेबाज होता, स्वतःच मागवून मेला. माझ्या मुलाचं एवढं नाव राहू दे. सारंगची शपथ घे. तिने घेतली. वीस वर्षांची पोर, सुखदा, ज्याच्याबरोबर रांगली त्याला जाऊन तीन दिवस झालेले, आणि मी तिच्याकडून त्याच्याच नावाची शपथ घेतली.

त्या रविवारी हॉलमध्ये सारंगचं पुण्यानुमोदन होतं. प्रल्हाददादा पंचशील सांगत होते आणि आपण मागून म्हणत होतो. मुसावाद टाळण्याच्या, खोटं न बोलण्याच्या चौथ्या शीलाला माझा आवाज बंद पडला. पाचव्याला पुन्हा लागला. तू माझा हात घट्ट धरलास. पलीकडच्या रांगेतून स्पृहा माझ्याकडे बघत होती. ती नजर मला सहन झाली नाही. कायदा झाल्यावर आम्ही स्प्रिंगफील्ड लेक्स सोडलं, ते यतिनच्या कामासाठी असं मी सगळ्यांना सांगितलं. काम इथे मिळालं हे खरंच. पण मी ते शोधायला लावलं, कारण तुझी मुलगी मला शॉपिंग सेंटरमध्ये दिसली की मी दुसऱ्या दाराने बाहेर पडायचे.

आणि तू फोनवर मला सांगायचीस, स्पृहा झोपत नाही गं, रात्र रात्र फेऱ्या घालते, डॉक्टर म्हणतात सारंगचा धक्का आहे. मी म्हणायचे, वेळ लागेल. मला माहीत होतं तिला काय खातंय. टीव्हीवर माझं ते वाक्य लागलं तेव्हा ती तुमच्या सोफ्यावर बसली होती आणि उठून आत गेली, हेही तूच मला सांगितलंस, तिला माझं दुःख किती लागलं म्हणून. तिने काय ऐकलं असेल? सारंगने गोळ्या दिल्या होत्या तिला. माझ्या व्याख्येने माझा मुलगा टोळीचा हात होता, आणि मी ते तिच्या तोंडावर, साऱ्या देशासमोर, शांतपणे बोलले होते. सारंग कशाने गेला हे ठाऊक असूनही पुढे तिनेही झोपेसाठी त्याच गोळ्यांच्या वाटेला जावं, याला दुसरं कोण जबाबदार, हे मी स्वतःला विचारते. तिच्या वाट्याची चूक तिचीच आहे, ती मी पुसू शकत नाही. टेगन मेली आहे. पण स्पृहाला कोणाशी तरी बोलता आलं असतं, तुझ्याशी बोलता आलं असतं, तर ती तशी एकटी जागत बसली नसती.

तरीही मी गप्प राहिले असते. मी किती वाईट आहे हे तुला कळावं म्हणून हे लिहिते. नोव्हेंबरात बातमी आली, मी गप्प. डिसेंबरात प्रल्हाददादांनी ईमेल केला की वकिलाच्या मानसतज्ज्ञ बाई स्पृहाला विचारतात, झोप कशाने गेली, तर ती म्हणते, “इट्स नॉट माय स्टोरी टु टेल.” ती गोष्ट माझी नाही. तो ईमेल मी वाचला आणि बंद केला. दादांना काही कळलं नव्हतं, मला सगळं कळलं होतं. फेब्रुवारीत तिने गुन्हा कबूल केला, तेव्हाही मी गप्पच.

मग तीन आठवड्यांपूर्वी टेगनच्या आईचा फोन आला. टुवुम्बाच्या पुढे त्यांचं शेत आहे. नंबर तिने एका संस्थेकडून मिळवला होता. साधी, दमलेल्या आवाजाची बाई. म्हणाली, “तुमचे आभार मानायचे होते. तुमचा कायदा नसता तर त्या मुलीला काहीच झालं नसतं.” मग तिने मला विचारलं, सारंगला ज्याने गोळी दिली तो सापडला का. मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, “ओह, लव्ह. आय अ‍ॅम सो सॉरी.” आणि माझ्यासाठी ती रडायला लागली.

संध्याकाळी यतिन आला, तेव्हा त्याला सगळं सांगितलं. सारंगचा बाप असून त्यालाही माहीत नव्हतं. त्याने एकच प्रश्न केला, “स्पृहा तेव्हा किती वर्षांची होती?” मी म्हटलं, वीस. तो गाडीची चावी घेऊन बाहेर पडला. आला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. अजून तो माझ्याशी कामापुरतंच बोलतो.

त्या सोमवारी मी तुमच्या वकिलाला फोन केला, आणि गेल्या मंगळवारी ब्रिस्बेनला येऊन शपथपत्र दिलं. तुझ्या घरापासून वीस मिनिटांवर होते, आले नाही. पाकीट, लाँड्री, शपथ, समितीपुढचं उत्तर, सगळं त्यात लिहिलं आहे. समितीलाही पत्र पाठवलं आहे की माझी साक्ष खोटी होती आणि ती सूट माझ्या खोटेपणावर काढली गेली. त्याचं जे व्हायचं ते होईल. माझ्यावर कारवाई होऊ शकते, असं वकील म्हणाले. मी त्यांना विचारलं, स्पृहाची शिक्षा किती कमी होईल. म्हणाले, कलमाने जजच्या हातात फारसं काही ठेवलेलं नाही. थोडीफार होईल, कदाचित नाही. आणि कायदा बदललाच तर तो पुढच्यांसाठी बदलेल. टेगनच्या आईलाही मी लिहिणार आहे. तिला मी काय सांगू शकते, हे मला अजून कळलेलं नाही.

येत्या गुरुवारी नाही, त्याच्या पुढच्या गुरुवारी शिक्षेची सुनावणी आहे, तेव्हा हे शपथपत्र उघड्या कोर्टात वाचलं जाईल. ते तू तिथे, अनोळखी माणसाच्या तोंडून ऐकू नयेस म्हणून आज लिहिलं, हे एक कारण. पण खरं कारण वेगळं आहे. वकिलांनी स्पृहाला माझं शपथपत्र दाखवलं, तर तिने ते वाचायला नकार दिला. म्हणाली, मावशीवर कोणीतरी दबाव आणला असेल, मी शपथ घेतली आहे. नऊ महिने कोठडीत राहूनही ती मला सांभाळते आहे. मला तिला भेटता येत नाही, भेटीच्या यादीत फक्त तुम्ही दोघं आहात. शनिवारी तू जाशील तेव्हा तिच्या समोर बस आणि सांग की तुला सगळं ठाऊक झालं आहे, मावशीने स्वतःच्या हाताने लिहून कळवलं आहे. हवं तर हे पत्र तिला दाखव. ती शपथ घ्यायला लावायचा मला अधिकार नव्हता, ती सुटली. आता जजने विचारलं तर तिने बोलावं. माझ्याशी तू बोलली नाहीस तरी चालेल, पण तिला तुझ्याजवळ बोलू दे.

कधीकाळी तुझीच असलेली,
मीनाक्षी