अठरा पूर्ण

इंदूर, १४ सप्टेंबर १९९२

ती. शरददादास,
उषाचा शि. सा. न. वि. वि.

दादा, हे पत्र वहिनीच्या हाती लागू देऊ नकोस. आपल्या रजतला पोलिसांनी धरलं होतं. मिल बंद पडली तरी मजुरांनी वर्गणी काढून अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत दिव्यांच्या देखाव्याची झांकी यंदाही नेली. तिच्यामागे गल्लीतल्या मोठ्या पोरांनी याला दारू पाजली. पोलीस आले तशी ती पोरं पळाली. हा ओकत तिथेच बसला.

हे त्याला सोडवायला थान्यात गेले. मुलाचं वय विचारल्यावर म्हणाले, अठरा पूर्ण. मिलच्या गेटवर पोराला बदली कामगार म्हणून लावताना सगळे बाप हेच सांगायचे. कमी सांगितलं की पोरगं परत. भीतीने तोंडातून तेच निघालं. दादा, तो पंधराचा आहे रे.

सोडलं त्याला, पण अठ्ठावीसला कोर्टात तारीख आहे. शेजारचे पंढरीनाथजी म्हणतात, कबूल करा, दंड भरा, टेन्शन खतम. रस्त्यावर जीप वाजली की रजत मोरीत जाऊन उभा राहतो. मला त्याला रागवायचंही सुचलेलं नाही. तू वकील आहेस, काय करू ते लवकर कळव.

तुझ्या मायेवर विसंबलेली,
उषा


जबलपूर, १९ सप्टेंबर

चि. सौ. उषास अ. उ. आ.

पत्र तुझ्या वहिनीनेच फोडलं. आता ती मला कायदा शिकवते आहे.

पंढरीनाथजींचं ऐकू नका. कबुली दिली की शिक्षेची नोंद होते आणि उद्या नोकरीच्या चौकशीत ती वर येते. सोळाच्या आतल्या मुलाचा खटला बाल न्यायालयात चालतो. तिथे बहुधा समज देऊन, आईबापांच्या हमीवर सोडतात, आणि तो डाग पुढे आड येत नाही. शाळेचा दाखला काढा. तिथले जयसिंगराव वकील माझे मित्र. त्यांना लिहिलं आहे.

पण अठरा का सांगितलं, हे दिनानाथरावांना कोर्टात उभं राहून सांगावं लागेल. बोलणी बसतील, कदाचित त्याहून जास्त काही. तुझ्यापासून लपवत नाही. लग्नात नाव घेतानाही ज्यांचा आवाज फुटला नाही, त्यांना हे जड जाणार. त्यांना जप.

रजतला जवळ घेतल्याचं सांग.

तुझा,
शरददादा


इंदूर, २९ सप्टेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

काल तारीख होती. कोर्टात हे अगदी मागे, भिंतीला टेकून उभे. जयसिंगराव दाखला पुढे करणार, तेवढ्यात मॅजिस्ट्रेटसाहेबांनी रजतलाच वय विचारलं. त्याने वळून यांच्याकडे पाहिलं आणि सांगितलं, अठरा. बाबांना कुणी खोटारडं म्हणू नये, म्हणून.

मग हे पुढे आले. आवाज कापत होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. म्हणाले, “साब, पंद्रह का है. झूठ मैं बोला था.”

साहेबांनी यांना खूप सुनावलं. हे हात जोडून ऐकत राहिले. दाखला पाहून खटला बाल न्यायालयाकडे पाठवला; तिथली तारीख अजून कळलेली नाही. यांच्यावर काही होईल का, जयसिंगरावही नक्की सांगत नाहीत.

बाहेर पडल्यावर रस्ता ओलांडताना यांनी रजतचं मनगट धरलं, लहान पोराचं धरतात तसं. एरवी झटकलं असतं त्याने. काल घरापर्यंत सोडवून घेतलं नाही.

आमच्यावर अशीच सावली राहू दे.

तुझी,
उषा