इनायतबाईंच्या भिंतीवरचं चित्र

कैरो, हिलमिया

परमप्रिय लबीबमामा,

दुरूनच तुमच्या हाताला ओठ लावतो. गुडघा कसा आहे? मामींचा राग उतरला का? (अलेक्झांड्रियाची हवा दोन्हींना मानवत नाही म्हणतात.) माझं दुकान ठीक. जुनी छापील चित्रं भरपूर, गिऱ्हाईक येईल तेव्हा येईल.

पत्रास कारण एक चित्र. आमच्या गल्लीत इनायतबाई राहतात, सगळे त्यांना मानाने इनायत हानिम म्हणतात. यजमान वकील होते, वारले. त्यांच्या दिवाणखान्यात ते टांगलंय. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं, अंगणातली मेजवानी. मामा, काय ती रेघ! कागदावर पत्र्याची कड अशी दाबली गेलीय की अजून अंगठ्याला लागते. माझा तर जीवच जडला. पण धंद्यातला पहिला धडा तुमचा: जे हवं त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही, कौतुक दुसऱ्याच वस्तूचं करायचं. म्हणून चित्राकडे पाठ करून मी गच्चीवरच्या कबुतरांची तोंड भरून स्तुती केली. झालं! बाई पडल्या खानदानी. पाहुण्याला आवडलं ते पाहुण्याचं. मी नको नको म्हणतोय तोवर पिंजरा माझ्या दारात. सकाळी पिंजऱ्याचं दार उघडलं तर कबुतरं भुर्र, थेट माहेरी! रिकामा पिंजरा परत द्यायला गेलो, कॉफी झाली, निघताना बाईंनी पुन्हा भरून दिला. महिनाभर हेच चाललंय. (बाईंची बहिरी आत्या कोपऱ्यात असतेच, काळजी नको. गल्ली मात्र मला आता कबुतरवाला म्हणते.)

शेवटी काल धीर करून म्हणालो, "या चित्राचा जरा अभ्यास करावा म्हणतो."

"करा की. पण आधी सांगा, हे मेले सगळे डाव्या हाताने का जेवताहेत?"

मी समजावलं, कोरणाऱ्याने रेखाटन जसंच्या तसं पत्र्यावर उतरवलं की छापताना सगळं उलटं पडतं. बाईंनी भिंतीवरून चित्र खाली घेतलं, आरशासमोर धरलं आणि म्हणाल्या, "हं, आता कसे माणसासारखे जेवताहेत!" काय बाई आहे, मामा! मी इतकी पुस्तकं चाळली, आरसा काही सुचला नाही. आरशात चित्राच्या मागे आम्ही दोघं शेजारी शेजारी दिसत होतो.

मग चित्र माझ्या हातात देत म्हणाल्या, "घ्या. महिनाभर त्याच्याकडे पाठ करून बसलात, तेव्हाच ओळखलं. वकिलाचं घर आहे हे."

मी नको म्हणालो. खरंच नको म्हणालो. (पाणी प्या, मामा.)

तुमचा भाचा,
शुक्री

ता. क. चित्र घरी आणलं असतं तर उद्या त्या घरी कशाला गेलो असतो?

आणखी ता. क. येत्या शुक्रवारी चांगला कोट घालून या, मामींनाही आणा. अशा कामाला घरचं मोठं माणूस लागतं. पत्रभर मी कौतुक चित्राचं केलंय. धडा तुमचाच, तुम्ही ओळखलं असेलच. तिथे मात्र तो धडा विसरा. कबुतरांचं नावसुद्धा काढू नका, सरळ बाईंना मागणी घाला.