बोगद्यातली बैठक

सोमवार, ९ मार्च
आज पुन्हा बायका हायवेवरूनच पार झाल्या. डोक्यावर भाकरीचं गाठोडं, पदर पुढं ओढलेला, लोहा गावाकडून गाड्या सुसाट — आणि रस्त्याखाली एवढा बोगदा! शेतात जायची आमची पांदण रस्त्यानं तोडली, तेव्हा मीच अर्जावर अर्ज करून तो मिळवला. बायकांत माझी सून शिवकन्याही होती. संध्याकाळी ओरडलो तिच्यावर, 'जिवावर उदार झालीस का?' ती गाठोडं घेऊन आत गेली.

बुधवार, ११ मार्च
रात्री वाढताना माझी बायको कावेरीबाई म्हणाली, 'ती खालून कशी जाईल? तिथं तुम्ही सगळे पत्ते कुटत बसता. सासऱ्या-दिरांच्या मधून सुनेनं वाट काढायची व्हय?'
खरंय. दुपारी बोगद्यात गार वारा असतो, आम्ही म्हातारे तिथंच लोळतो. वाट बायकांसाठी मागितली आणि अडवून मीच बसलो. ताट तसंच बाजूला सारलं.

गुरुवार
आज सांगायचंच ठरवून गेलो. तोंड उघडलं तर पत्त्यातला गडी शेषेराव म्हणाला, 'लई सुनेचा पुळका आला काय तुला?' सगळे हसले. मीही हसलो. वर एक डावही खेळलो. थू माझ्यावर.

शुक्रवार
बोगद्यात जाणं बंद केलं. ओसरीवर पडून राहिलो. लई उकडतंय, पण मनाला बरं वाटलं. निदान माझ्यामुळं तरी ती आता वरून जाणार न्हाई.

मंगळवार, १७ मार्च
शिवकन्याला मोटारसायकलनं उडवलं. वरच, हायवेवर. मांडीचं हाड मोडलं. नांदेडला दवाखान्यात ठेवलंय. माझा पोरगा बबलू तिच्यावर चिडला, 'आबा तर आता बसत न्हाईत खाली. मग वर कशाला मरायला गेलतीस?' नवरा असून असं बोलला. तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. मीही मनात तेच म्हणत होतो.

बुधवार
बबलू चहा आणायला गेला तेव्हा ती खाली मान घालून हळूच म्हणाली, 'मामा, तुम्ही बसायचे तवा बाकीच्यांच्या तोंडाला कुलूप होतं. तुम्ही येईना झाले म्हणून मी खालून जायला लागले. तर ते शेषेराव नको नको ते बोलून राहिले. म्हणून परत वरून निघाले.'
शेषेरावचं तोंड कसं आहे, हे मला ठाऊक होतं.