टाक्यातला कापूस

६ नोव्हेंबर २००५, रविवार

उपासनेला बायाच जास्त. पुरुष वेचणीवर. उपदेश बरा झाला असावा, कारण कोणी काही बोललं नाही.

दारात उभं राहून "सलाम, पास्टर साहेब" घेत होतो. जूनपासून घेतोय, पाळकाचं कॉलेज संपवून उमेदवार म्हणून गावात परतलो तेव्हापासून. अजूनही मान मागे वळते, थोरले पास्टर आले की काय म्हणून. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली.

विनय आला होता. शाळेत असताना माझ्याबरोबर चिंचा चोरायचा तो विन्या. त्यानंही "सलाम, पास्टर साहेब" केलं. बस म्हणालो तर म्हणे, तुमचा टाइम कायले घेऊ. तुमचा! बायकोला पुढे घालून निघून गेला.

एकटे याकोबकाका मला शमू म्हणतात. चर्चच्या मंडळीतले सगळ्यांत जुने डीकन, म्हणजे कारभारी, आणि सगळ्यांत खवट. आजही सगळ्यांदेखत म्हणाले, शमू, तुहा आवाज मांगं येत नाही. वाईट वाटायला हवं होतं. दिवसभर बरं वाटत राहिलं.

१० नोव्हेंबर

माझ्या जेवणाची मंडळीनं पाळी लावलीय. रोज एका घरून डबा. डबा येतो, माणूस थांबत नाही. आज भेंडी आणि ज्वारीची भाकर. कुणाच्या घरची ते डब्यावर कोरलेल्या नावावरून कळलं.

आई असती तर... असो.

आर्णीला गेलो होतो, साबण आणि बॅटरीचे सेल आणायला. येताना चहाच्या टपरीवर आपलीच चार पोरं हसत होती. मी सायकल लावली तशी गप्प झाली. एकानं विडी पायाखाली दाबली. चहा घेऊन निघालो तर पाठीमागे पुन्हा हसणं सुरू. माझ्यावर नसेलही.

१६ नोव्हेंबर

याकोबकाका (पुढे या. का., हात दुखतो) सकाळीच आले. यंदा कापसाला भाव नाही. खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग हलत नाही आणि व्यापारी पाडून मागतोय. घरात कापूस आढ्याला लागलाय, काकूला पाय पसरायला जागा उरली नाही. तर म्हणाले, चर्चचं टाकं रिकामंच आहे ना.

टाकं म्हणजे बाप्तिस्म्याचं. आमच्यात तान्ह्या लेकराच्या डोक्यावर पाणी शिंपडून भागत नाही. कळत्या वयात, स्वतःच्या तोंडानं कबूल करून, अख्खं पाण्याखाली जावं लागतं. मिशनच्या काळातलं दगडी टाकं पुलपिटाखाली, उपदेशाच्या चौथऱ्याखाली आहे, वर फळ्या. माझ्या लहानपणी ते गळायचं, म्हणून आमचा बाप्तिस्मा नदीत झाला. पुढे दुरुस्त केलं, पण दोन वर्षांत त्यात पाण्याचा थेंब नाही.

हो म्हणालो. दुपारी बैलबंडी आली. फळ्या काढून आम्ही दोघं टाक्यात उतरलो आणि कापूस तुडवून बसवला. काका कमरेपर्यंत रुतले, मी हात देऊन ओढायला गेलो तर मीही पडलो. पडल्या पडल्या दोघं हसलो. जूनपासून मी असा हसलो नव्हतो.

जाताना म्हणाले, मंडळीनं तुह्यासाठी हात वर केले ना, की मीबी पास्टर साहेब म्हणीन. तवलोक शमू.

२० नोव्हेंबर, रविवार

पुलपिटाच्या फळ्या आधी घुमायच्या. थोरले पास्टर पाय आपटायचे तेव्हा संडे स्कूलची आम्ही पोरं दचकायचो. आज मी पाय आपटला. भद्. खाली कापूस. कुणी दचकलं नाही. उलट दुसऱ्या बाकावरच्या आजीबाईंना डोळा लागला.

सरकीचा वास. अंगाला खाज. उपदेश चालू असताना खाजवता येत नाही, ही पाळकपदाची अडचण कॉलेजात कुणी शिकवली नव्हती.

४ डिसेंबर, रविवार

काय लिहू.

आज सभा होती, मला पाळक म्हणून बोलवायचं की नाही याची. आमच्यात बिशप नाही, वरून हुकूम येत नाही. उमेदवार आपल्याला देवानं कसं बोलावलं याची साक्ष देतो, बाहेर जाऊन उभा राहतो, आत सभासद हात वर करतात. ज्यांनी मला उघडानागडा पळताना पाहिलं तेच ठरवणार.

मी साक्ष दिली. कॉलेजच्या मुलाखतीत दिली होती तीच, शेकडो वेळा दिलेली. बारा वर्षांचा होतो. ईस्टरची सकाळ, अरुणावतीचा डोह. थोरल्या पास्टरांनी मला मागे वाकवून पाण्याखाली नेलं, आणि पाण्याखालून मला आकाश दिसलं. लख्ख, उघडं. इतकं जवळ की हात लावावा. तिथंच मला बोलावणं आलं. माझं सगळं त्या आकाशावर उभं आहे.

या. का. उठले. टोपी हातात. म्हणाले, "शमू खोटं नाही बोलून राह्यला. त्याले दिसलं. पण पाण्याखालून नाही. तो पाण्याखाली गेलाच नाही."

कुणाला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. त्या साली डोहात पाणी कमी. थोरल्या पास्टरांची कंबर धरलेली, आणि रांगेत मी शेवटचा. मला नीट खाली नेता आलं नाही. काका मदतीला पाण्यात उभे होते. बाहेर आल्यावर टॉवेलनं माझं डोकं पुसलं तर समोरचे केस कोरडे. कपाळ कोरडं. डोळे पाण्याच्या वरच होते.

म्हणजे मी पाठीवर पडून नुसतं वर बघत होतो. आकाश दिसणार नाही तर काय दिसणार.

मागच्या बाकावर कुणीतरी फस्सकन हसलं. विन्या असावा. मला मारावंसं वाटलं त्याला. मलाही हसू आलं असतं, दुसऱ्या कुणाचं असतं तर.

ठराव झाला: आधी पूर्ण बाप्तिस्मा, मग मत. आसपासच्या मंडळ्यांची देखरेख करणारे यवतमाळचे सुपरिंटेंडंट साहेब येऊन देतील. नदीत आता गुडघाभरही पाणी नाही, तेव्हा टाक्यात. आणि टाक्यात कुणाचा कापूस? या. का.चा.

६ डिसेंबर

दोन दिवस कुणाशी बोललो नाही. कुणी बोलायला आलंही नाही, तेव्हा फार कष्ट पडले नाहीत.

संध्याकाळी या. का.कडे गेलो, भांडायलाच. इतकी वर्षं गप्प का बसलात? काकूंनी चहा ठेवला आणि आत गेल्या. काका सुपारी कातरत राहिले.

म्हणाले, "तुही माय काठावर उभी होती. तुहा बाप त्याच साली गेलता. तोंडाले पदर लावून रडून राह्यली होती, पण खुशीनं. तिले कसं सांगू बाई, तुह्या पोराले पुन्हा बुडवा? राह्यलं मंग. तू शेतात राबला असता तं देवानं सांभाळून घेतलं असतं. पण तू उद्या दुसऱ्याले पाण्यात नेशील, लेका."

 आई रडत होती हे मला माहीत नव्हतं. मी वर बघत होतो ना.

विचारलं, अजून काय आठवतं तिचं? म्हणाले, लुगडं निळं होतं. घरी जाऊन तिनं सगळ्या आळीत गूळ वाटला. गुळाचं मलाही आठवलं. येताना अंधारात रडलो. राग अजून आहे, पण तो कुणावर धरावा ते कळत नाही.

२५ डिसेंबर, नाताळ

या वर्षी पुलपिटाजवळ मेणबत्ती नाही. खाली कापूस, ठिणगी पडली तर येशूच्या जन्माबरोबर मंडळीचा शेवट. पोरं हिरमुसली. टॉर्च लावून तारा केला.

प्रत्येक घरून करंज्या, चकल्या, अनारसे आले. टेबल भरलं. समोर बसून खायला कुणी नाही. जुन्या वर्षांत मीच घरोघर हादडत फिरायचो. आज गेलो तर सगळे उभे राहिले, चांगली खुर्ची पुढे केली, आणि प्रार्थना करा म्हणाले. प्रत्येक घरी प्रार्थना केली. गप्पा एकाही घरी झाल्या नाहीत.

उरलेल्या चकल्या मुंग्यांनी नेल्या.

१५ जानेवारी २००६, रविवार

भाव नाही. काका हटून बसलेत, कापूस बाराच्या भावात कशाला घालू. मत अडलंय बाप्तिस्म्यावर, बाप्तिस्मा अडलाय कापसावर, कापूस अडलाय बाजारावर. आणि मला अडवणारेही काका, टाकं अडवणारेही काकाच. विन्या टपरीवर म्हणाला म्हणे, शमूच्या आत्म्याचं तारण खरेदी केंद्रावर अटकलंय. कानावर आलं. 'शमू' म्हणाला, तेवढं लक्षात राहिलं.

खरा त्रास वेगळाच. हल्ली प्रार्थनेला डोळे मिटले की ते आकाश येत नाही. आधी हमखास यायचं. येऊ लागतं, तेवढ्यात कोरडे केस आठवतात. बोलावणं खरंच आलं होतं, की पाठीवर पडलेलं एक पोरगं ढग बघत होतं? कुणाला विचारू? लोक आपले प्रश्न पाळकाकडे आणतात. मी माझे घेऊन कुठं जाऊ?

२ फेब्रुवारी

सुपरिंटेंडंट साहेबांचा निरोप. एकोणीस तारखेच्या रविवारी येतील. त्यानंतर पावसाळ्यापर्यंत जमणार नाही.

काकांना सांगितलं. हं म्हणाले.

बॅग काढून झटकून ठेवली. पुण्याला कॉलेजातला एक मित्र शाळेत नोकरीला लागलाय, मलाही ये म्हणतो. जावं का? इथं माझं तरी कोण आहे, असं लिहायला गेलो आणि हात थांबला.

९ फेब्रुवारी

सकाळी बंडी चर्चच्या दारात. या. का. टाक्यात उतरलेले, कापूस वर फेकत होते. मी विचारलं, भाव आला?

"भाव नाही आला. मीच चाललो."

ज्या व्यापाऱ्याला नोव्हेंबरात हाकललं त्यालाच दिला, त्याच भावात. काकू बंडीमागं उभ्या होत्या, माझ्याकडे न बघता. मी माफी मागावी की आभार मानावे ते सुचेना, म्हणून टाक्यात उतरून कापूस फेकू लागलो. या वेळी कुणी पडलं नाही. हसलंही नाही.

बंडी गेल्यावर पुलपिटावर उभं राहून पाय आपटला. घुमलं.

१८ फेब्रुवारी

टाकं धुतलं. दिवसभर हातपंपावरून पाणी आणलं. कावडीनं, घागरींनी, आणि कुणी न बोलावता. विन्याही आला. दोन घागरी झाल्यावर म्हणाला, "तुले पोहता येते ना बे?" आणि जीभ चावली. मी म्हटलं, नाही येत. मग दोघं बराच वेळ पंप मारत होतो. बरं होतं.

दगडांच्या सांध्यात अडकलेला कापूस पाण्यावर तरंगून येतोय. काका काठावर उकिडवे बसून ओंजळीनं काढत होते. कितीही काढला तरी थोडा उरतोच.

१९ फेब्रुवारी, रविवार

हातपंपाच्या ओट्यावर बसून लिहितोय. केस ओले आहेत. समोरचेही.

झालं ते असं. सु. साहेब एका बाजूला, या. का. दुसऱ्या बाजूला. पाणी गार. सु. साहेबांनी नाव घेतलं आणि मला मागे नेलं. काकांचा हात कपाळावर होता, त्यांनी तो चांगलाच दाबला. या खेपेला कसर ठेवायची नव्हती त्यांना.

खाली अंधार होता. सरकीचा वास. आकाश नाही, उजेड नाही, आवाज नाही. मानेखाली एक हात होता, कपाळावर एक. एवढंच. मग वर.

कपडे बदलून साक्ष द्यायला उभा राहिलो. सगळे माझ्याकडे बघत होते, आता काय दिसलं सांगतो म्हणून. एखादं आकाश सांगता आलं असतं. हात वर झाले असते पटापट. मी म्हणालो, मला काही दिसलं नाही. बोलावणं आलं की नाही हे मला पूर्वी पक्कं माहीत होतं, आज नाही. तरी मला राहायचं आहे. तुम्ही ठेवलं तर.

सु. साहेबांनी भुवया वर केल्या. काका खाली बघत होते, धोतरातून पाणी टपकत होतं. मग मला बाहेर जायला सांगितलं आणि आतून कडी लागली.

बराच वेळ झाला. एकदा कुणाचा तरी चढा आवाज आला, काकूंचा वाटला. मग काही नाही. हात वर होत असतील, किंवा मांडीवरच असतील.

काकांनी कबूल केलंय, हात वर झाले तर पास्टर साहेब म्हणणार. म्हणजे ठेवलं तर गावात मला शमू म्हणणारं कुणी उरणार नाही. विन्या कदाचित, जीभ चावून. आणि नाही ठेवलं तर शमू म्हणतील, पण सोमवारच्या गाडीनं जाणाऱ्या शमूला. चार वर्षं शिकलो ते 'पास्टर साहेब' ऐकण्यासाठी. आत्ता इथं बसून वाटतंय की ठेवावं, आणि तरी काकांनी एकदा चुकून शमूच म्हणावं.

कडी वाजली. काकाच आलेत दारात, ओल्या धोतरानं. इकडं बघतायत. तोंड उघडलंय