बागेतला अडीच फुटी कठडा

प्रिय बंकट,

खुशाली विचारत नाही, कारण लई राग आलाय. अंबाजोगाईच्या बागेत, जिथून दरी दिसते तिथला कठडा अडीच फूटच ठेवायचं तू ठरवलंस, असं पोर पडल्याच्या चौकशीला आलेल्या साहेबाला लिहून दिलंस म्हणे. नगरपालिकेतल्या अभिमन्यूनं तो कागद स्वतः पाहिला. कामाचा ठेका घेणारा गुत्तेदार तू असशील, पण ओळंबा माझ्या हातात होता. माझं काम स्वतःच्या नावावर का म्हणून लावलंस रे?

काल सकाळी टेप घेऊन मुद्दाम बागेत गेलतो. कठड्याला आता पत्रे ठोकलेत, दरी दिसत न्हाई. फटीतून हात घालून मोजलं. या टोकाला तीस इंच, त्या टोकाला तीस इंच. सात वर्षांत एक सांधा उकललेला नाही. मी कुठल्या कॉलेजात गेलो नाही, दुसऱ्यांच्या भिंती बघून शिकलो. पण असं काम डिग्रीवाल्यानं करून दाखवावं.

तू साडेतीन फूट म्हणत होतास. "लेकरंबाळं येतील बजरंग, उंच घे." मी तुझ्या वहिनीला बाकड्यावर बसवलं, तिच्या डोळ्यापासून सुतळी ताणली आणि म्हणालो, बसल्या माणसाला दरी दिसणार नसंल तर बाग कशाला, कोंडवाडा बांध. ती म्हणाली, "मला समदं दिसतंय, आता सोडा मला, भाकरी राहिल्यात." तू हसलास. मी जिंकलो.

माथ्याचे दगड पंधरा इंच रुंद घेतले आणि तीन दिवस घासले. तिथंच चुकलो. लोक बाकडं सोडून कठड्यावरच बसू लागले. दर रविवारी मी ते बघायचो आणि माझी छाती फुगायची! ती पडलेली पोर, सुकन्या, तशीच बसली होती, दरीकडं पाठ करून. मैत्रीण फोटो काढताना म्हणाली, जरा मागं सरक. ती सरकली आणि पलीकडं पडली. खाली आठ फुटांवर खडक. मांडीचं हाड मोडलं.

काल मोजून झाल्यावर बागेतून तसाच तिच्या दवाखान्यात गेलो. तिच्या आईला वाटलं, गावाकडचं कुणीतरी आलंय. तिनं थर्मासातला चहा दिला. मी प्यालो आणि नाव न सांगता उठून आलो.

सोमवारी चौकशीत मी उभा राहणार आहे. उंची माझी, हट्ट माझा, गुत्तेदारानं तीनदा बजावलं होतं, हेच सांगणार. आधी कळवतोय ते एवढ्यासाठी, की तिथं तू मला आडवा येऊ नकोस. "गरीब गवंडी हाय, सांभाळून घ्या," असं माझ्याबद्दल बोललास तर जन्मात तुझं तोंड बघणार नाही. तुझं लायसन वाचवायला निघालोय असंही समजू नकोस. त्या माउलीकडं मला परत जायचंय, आणि या खेपेला नाव सांगून बसायचंय.

रागावलेला, तरी तुझाच,
बजरंग