बांधापर्यंतचा उजेड

पवनी

प्रिय गोमाजी,

पाकीट पाहून हसशील. पवनीहून दिघोरी ती किती दूर, आणि खिशात फोन असताना हा इश्वर लिहायला बसला! पण माझा फोन तू उचलत नाहीस. दोन वर्षं झाली.

मागच्या आठवड्यात आंबागडला बहिणीकडे, सत्यवतीकडे गेलो होतो. तिच्या अंगणाच्या कडेला मीच मोठ्या हौसेने पांढराशुभ्र दिवा लावून दिला होता. समोरच्या बांधीत धानकापणी चालू होती. माझे कान तुला ठाऊक आहेत. विळ्यांचा आवाज एका जागी थांबला, तसा मी वळलो. एक बाई म्हणत होती, “याले काय कापू वं? लोंबीच नाही.” दुसरी म्हणाली, “रातभर दिवा अंगावर. त्याले वाटते, अजून दिवसच हाये!” सगळ्या खदाखदा हसल्या. पिवळ्या धानात दिव्यापुढचा तेवढाच तुकडा हिरवागार उभा होता.

मला काही हसू आलं नाही. हेच सांगायला तू दोन वर्षांपूर्वी माझ्या दिव्यांच्या दुकानात आला होतास. “तुझ्या दिव्यानं माझा धान निसवून नाही राहिला, इश्वर.” आणि मी गिऱ्हाइकांसमोर म्हटलं, “काहून गा, तुझ्या धानाले झोप येत नाही काय?” लोक हसले. तू पायरी उतरलास.

आता कृषी सहायकाला विचारलं. म्हणाला, उशिरा येणारा भारी धान लांब अंधार मिळाल्याशिवाय निसवत नाही, लोंबी बाहेर टाकत नाही. खांबावर चढचढून मी दुकान उभं केलं, पण अंधाराचंही काही काम असतं हे मला कोणी सांगितलं नाही. खोटं कशाला, तू सांगितलं होतंस.

तुझ्या शेताकडेच्या खांबावरचा तो दिवा काढताही येत नाही. तिथल्या मोरीवर अंधारात चंद्रभागावहिनींचा पाय मोडला, म्हणून तूच तो मागितला होतास. तेव्हा मी पत्र्याची झापड बनवली. वरून आणि शेताकडून बंद, उजेड फक्त खाली; बल्बही मंद, पिवळसर. सत्यवतीकडे लावून पाहिली. अंगण लख्ख दिसतं, बांधी काळोखात. दुसऱ्याच रात्री तिथे रातकिडे ओरडू लागले.

ग्रामपंचायतीने होकार दिलाय. रविवारी दिवेलागणीला शिडी घेऊन येतो. पण झापड किती वाकवायची, हे खांबावरून कळत नाही. बांधावर उभं राहून कोणीतरी ओरडायला हवं, “अजून खाली... हं, बस!” ते काम मला दुसऱ्या कोणाला सांगायचं नाही, म्हणून हे पत्र. मी चुकलो, गोमाजी. खालून शिव्या घातल्यास तरी चालेल; दोन वर्षांत तुझा आवाज ऐकला नाही.

अजूनही तुझाच,
इश्वर